स्वभावाचा अटकपूर्व जामीन

मागच्या वर्षी आमच्या टीममध्ये फतवा निघाला की प्रत्येकाने एक पान लिहायचं, "माझ्यासोबत काम कसं करायचं", आणि शुक्रवारच्या आत सगळ्यांना दिसेल असं ठेवून द्यायचं. टीम चार टाइमझोनमध्ये पसरलेली, निम्म्या लोकांना मी कधी प्रत्यक्ष भेटलेले नाही, काहींचा तर चेहराही फक्त त्या गोल प्रोफाइल फोटोत बघितलेला, त्यामुळे कल्पना वाईट नव्हती. बसले लिहायला. पहिली ओळ लिहिली, मला थेट बोललेलं आवडतं. दुसरी, माझं डोकं सकाळी जास्त चालतं. तिसरी, मी जबाबदारीने काम करते. आणि तिथेच अडकले, कारण हे वाचून माझ्याबद्दल कोणाला नक्की काय कळणार होतं? नोकरीच्या अर्जात लिहितात ना, मेहनती, मनमिळाऊ, शिकायची आवड, त्यातलाच प्रकार.

मग इतरांची पानं उघडली, म्हटलं बघू तरी लोकांनी काय लिहिलंय. बारा पानं होती. पाच जणांनी लिहिलेलं, मी स्पष्टवक्ता आहे, वाईट वाटून घेऊ नका. एकाने कुठल्याशा व्यक्तिमत्त्व चाचणीत मिळालेली चार अक्षरं टाकलेली आणि खाली लिंक, म्हणजे आता आम्ही ती वाचून त्याचा अभ्यास करायचा. एकीने लिहिलं की मी परफेक्शनिस्ट आहे, हा माझा दोष समजा (दोष सांगतानाही कौतुकच). आणि एका मुलाने, टीममधला सगळ्यात नवीन, फक्त एवढंच लिहिलं होतं: "माझं इंटरनेट मधेमधे जातं. मी कॉलमधून अचानक गायब झालो तर चिडून गेलो असं समजू नका, पाच मिनिटांत फोनवरून परत येतो." बारा पानांत मला उपयोगाचं वाटलेलं हे एकच वाक्य.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय की दूर बसून काम करणाऱ्या माणसाने सहकाऱ्यांना स्वतःबद्दल सांगायलाच हवं, पण स्वभाव सांगू नये, खुणा सांगाव्यात. मी गप्प असले तर त्याचा अर्थ काय, मी मेसेजवर अंगठ्याचा इमोजी टाकला तर त्याचा अर्थ काय, मी दिसत नसले तर कुठे शोधायचं. बाकी मी मुळात कशी आहे हे लोकांना सहा महिन्यांत आपोआप कळतं आणि बऱ्याचदा माझ्यापेक्षा नीट कळतं.

ही पानं लिहायची पद्धत तशी नवी नाही. २०१३ मध्ये क्वेस्टबॅक नावाच्या नॉर्वेजियन कंपनीतले इव्हार क्रोगरुड यांची मुलाखत न्यूयॉर्क टाइम्समध्ये आली होती, त्यात त्यांनी स्वतःचं एक पानी यूझर मॅन्युअल बनवल्याचं सांगितलं होतं, मशीनसोबत माहितीपत्रक येतं तर माणसासोबत का नको असा हिशोब. क्लेअर ह्यूज जॉन्सन यांनी आधी गूगल आणि मग स्ट्राइप या ऑनलाइन पेमेंट कंपनीत असताना आपल्यासोबत काम कसं करावं याची टिपणं टीमला दिलेली. गिटलॅबसारख्या पूर्ण रिमोट कंपनीत तर लोकांची अशी पानं बाहेरच्यांनाही वाचता येतात. सॉफ्टवेअरवाले त्याला रीडमी म्हणतात, कारण प्रोग्रॅमसोबत त्याच नावाची फाइल येते, वापरायच्या आधी वाचा म्हणून. गंमत म्हणजे ती फाइलही कोणी आधी वाचत नाही, काहीतरी बिघडलं की मगच उघडतात.

आता गरज का पडते ते बघू, कारण माझा सगळा मुद्दा त्यावरच उभा आहे. एका खोलीत बसून काम करताना निम्मी माहिती फुकट मिळते. शेजारचा माणूस कानात हेडफोन घालून कपाळाला आठ्या पाडून बसलाय म्हणजे आत्ता नको. त्याची खुर्ची रिकामी आहे आणि बॅग जागेवर आहे म्हणजे इथेच कुठेतरी आहे. हे कोणी सांगत नाही, दिसतं. स्क्रीनच्या पलीकडे हे काहीच दिसत नाही, ऑनलाइन असल्याचा एक हिरवा ठिपका दिसतो आणि तोही खोटा बोलतो. मग मन काय करतं, मोकळी जागा भरून काढतं, आणि ती परिस्थितीने भरत नाही, समोरच्याच्या स्वभावाने भरते. उत्तर आलं नाही म्हणजे माज आहे. कॅमेरा बंद आहे म्हणजे लक्ष नाही. त्याचं लेकरू आजारी असेल, त्याला मेसेज दिसलाच नसेल, हे डोक्यात येतच नाही, किंवा येतं तेव्हा आपण चिडून झालेलो असतो.

हे फक्त माझं निरीक्षण नाही. कॅथरीन क्रॅम्टन यांनी वेगवेगळ्या ठिकाणच्या विद्यार्थ्यांच्या १३ टीमचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध केला. एकमेकांना न भेटता काम करणाऱ्या त्या टीम कुठे घसरल्या याची कारणं त्यांनी शोधली आणि त्यातलं एक सरळ हेच होतं की गप्प राहण्याचा अर्थ लावता येत नाही. कोणाला गप्प बसणं म्हणजे होकार, कोणाला नाराजी, आणि कोणी गावाला गेलेला असतो. शिवाय लोक दोष परिस्थितीला न देता माणसाला देत होते.

त्याहून मजेशीर अभ्यास २०१४ चा, कात्रिन शोएनेनबर्ग आणि सहकाऱ्यांचा. कॉलवर आवाज पोचायला मुद्दाम उशीर करायचा आणि बोलणाऱ्यांना एकमेकांबद्दल काय वाटतं ते विचारायचं. सेकंद-सव्वा सेकंदाच्या उशिराने समोरचा माणूस कमी लक्ष देणारा, कमी आपुलकीचा वाटायला लागला. दोष लाइनचा आणि शिक्षा माणसाला. प्रत्यक्ष बोलताना एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला साधारण सेकंदाचा पाचवा भाग जातो, दहा भाषांवर केलेल्या २००९ च्या अभ्यासात सरासरी जवळपास तेवढीच निघाली होती. म्हणजे इतक्या बारीक अंतराची आपल्याला सवय आहे आणि कामाच्या मेसेजला उत्तर यायला चार तास लागतात, मधल्या वेळात डोक्यात काय काय तयार होत असेल बघा.

लिहून पाठवलं की स्पष्ट होतं असंही समजू नका. २००५ मध्ये जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली वगैरे मंडळींनी लोकांना ईमेलवर काही वाक्यं खरी आणि काही टोमणा म्हणून लिहायला लावली. वाचणाऱ्याला सुमारे ७८ टक्के वेळा बरोबर कळेल असा पाठवणाऱ्यांचा अंदाज होता, प्रत्यक्षात कळलं सुमारे ५६ टक्के. नाणं उडवलं असतं तरी ५० आले असते.

आता माझा स्वतःचा किस्सा सांगते म्हणजे खुणा का म्हणतेय ते कळेल. एका प्रोजेक्टवर दुसऱ्या देशातला एक सहकारी होता, मी संध्याकाळी काम संपवून त्याला मेसेज टाकायचे आणि त्याचा दिवस तेव्हा सुरू व्हायचा. एकदा मी लिहिलं, उद्याच्या रिलीजमधून (म्हणजे सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीतून) तो नवीन रिपोर्टचा भाग काढून टाक, त्यात घोळ आहे. त्याने अंगठा दिला. मी निवांत झोपले. सकाळी बघते तर रिलीज गेलेलं, घोळासकट. आमच्या दोघांत जे काही लिखित भांडण झालं ते जाऊ दे, पण मी माझ्या मॅनेजरला लिहून मोकळी झाले की हा माणूस बेफिकीर आहे. शब्दच वापरला, बेफिकीर. दोन आठवड्यांनी बोलण्याबोलण्यात कळलं की त्याच्याकडे अंगठा म्हणजे "वाचलं", काम झालं की तो "डन" लिहायचा, नेहमी लिहायचा, आणि त्या दिवशी "डन" आलेलं नव्हतं कारण तो ते काम हातात घेईपर्यंत रिलीजची गाडी सुटली होती आणि तसं त्याने तिसऱ्याच ठिकाणी लिहिलं होतं. माझ्याकडे अंगठा म्हणजे "झालं समज". दोघंही आपापल्या जागी बरोबर. मी ज्याला त्याचा स्वभाव म्हटलं तो एका चित्राचा दोन डिक्शनऱ्यांतला फरक होता.

आणि हे काही आमचंच येडेपण नाही. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात हेच प्रकरण कोर्टात गेलं. धान्य खरेदी करणाऱ्या कंपनीने शेतकऱ्याला जवसाच्या कराराचा फोटो पाठवला, कन्फर्म कर म्हणाली, शेतकऱ्याने अंगठा पाठवला. तो म्हणतो मला फक्त मिळालं एवढंच सांगायचं होतं, कंपनी म्हणते करार झाला. २०२३ मध्ये कोर्टाने अंगठा म्हणजे सहीच मानली आणि शेतकऱ्याला सुमारे ८२,००० कॅनेडियन डॉलर भरायला सांगितले. आमच्यात एवढं महाग नाही पडलं, मला एक माफीचा मेसेज लिहावा लागला एवढंच.

तर आता माझ्या पानावर पहिली ओळ अशी आहे: मी अंगठा दिला म्हणजे वाचलं, काम झालं की "झालं" असं लिहीन, "झालं" दिसलं नाही तर झालेलं नाही असंच धरा. दुसरी: दुपारनंतर दोन-अडीच तास माझे मेसेज बंद असतात, खरंच अडलं असेल तर फोन करा, फोन केल्याबद्दल मी कधीच चिडणार नाही. तिसरी: कॉलवर मी गप्प असले तर बहुतेक वेळा मी टिपण घेत असते, मला मत विचारायचं असेल तर नाव घेऊन विचारा. यात माझ्या स्वभावाचा एक शब्द नाही, पण माझ्यासोबत पहिल्याच दिवशी काम करणाऱ्याला याचा उपयोग होतो.

बरं, आता त्या पाच स्पष्टवक्त्यांकडे येते, कारण माझा खरा राग तिथे आहे.

"मी फटकळ आहे, पण मनात काही नसतं" हे वाक्य म्हणजे अटकपूर्व जामीन आहे. गुन्हा व्हायच्या आधीच अर्ज करून ठेवायचा. आमच्याकडच्या एका वरिष्ठांनी आपल्या पानावर ठळक अक्षरात लिहिलेलं, माझा फीडबॅक थेट असतो. पुढे एकदा त्यांनी सगळ्यांसमोर एका मुलीच्या कामाची अशी काही सालं काढली की ती पुढचा महिनाभर मीटिंगमध्ये तोंड उघडेना, आणि कोणीतरी हळूच विषय काढला तर उत्तर काय, मी तर लिहूनच ठेवलं होतं. म्हणजे वाचूनही तुम्हाला लागलं तर चूक तुमची. माहिती म्हणून लिहिलेली ओळ परवाना म्हणून वापरली गेली. आणि गंमत बघा, मी फटकळ आहे हे ज्याला एवढं नीट कळतं त्याला ते बदलता येत नाही असं थोडीच आहे, पण पानावर लिहिलं की ते जणू उंची किंवा रक्तगट असल्यासारखं पक्कं होऊन जातं.

म्हणून मी आता प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारते, हिच्यामुळे कोणाचं काम वाढतं? "मी गप्प असले तर नाव घेऊन विचारा" यात थोडं काम समोरच्याचं वाढतं हे खरंय, म्हणून बदल्यात मी माझ्याकडून काहीतरी द्यायला हवं, म्हणजे मीटिंगनंतर टिपण सगळ्यांना मी पाठवते. "मला थेट बोलायची सवय आहे, सांभाळून घ्या" यात सगळं काम समोरच्याचं आणि बोलणाऱ्याचं शून्य. अशा ओळी खोडाव्यात. तेच "नुसतं हाय लिहून थांबू नका, प्रश्न सोबतच लिहा" याबद्दल. मला स्वतःला हा नियम पटतो, नुसतं हाय येऊन पुढची दहा मिनिटं "टायपिंग" दिसत राहिलं की माझा जीव खालीवर होतो. पण काही लोकांना आधी विचारपूस केल्याशिवाय काम सांगणं उद्धटपणाचं वाटतं, लहानपणापासून तसंच शिकवलेलं असतं, त्यांना पानावर दरडावून सांगायचं काही कारण नाही. मी लिहिलंय, हायसोबत प्रश्न टाकलात तर उत्तर लवकर मिळेल, नुसतं हाय असलं तर मी सवडीने बघेन. निवड त्यांची.

दुसरी गडबड अधिकाराची. साहेबाने लिहिलेली आवड म्हणजे नियम होतो आणि ज्युनिअरने लिहिलेली आवड म्हणजे नखरे. दोघांचं पान दिसायला सारखं, वजन वेगळं. मॅनेजरने लिहिलं की मला लांब मेसेज आवडत नाहीत, तर अख्खी टीम तीन ओळींत अडचण सांगायला लागते आणि चौथ्या ओळीतलं महत्त्वाचं राहून जातं. नवीन मुलाने लिहिलं की मला लेखी सूचना लागतात, तर फार तर "बघू" म्हणतात. त्यामुळे सगळ्यांनी लिहा असा फतवा वरवर समान वाटला तरी समान नसतो. माझं तर म्हणणं आहे की लिहायची सक्ती करायचीच असेल तर वरच्यांवर करा, खालच्यांना ऐच्छिक ठेवा, आणि वरच्यांनीही आपल्या आवडी कमी लिहून आपण काय काय करू हे लिहावं: सुट्टीचा अर्ज किती दिवसांत बघू, मीटिंग रद्द करायची तर किती आधी सांगू, असं.

सक्तीचा अजून एक त्रास आहे ज्याबद्दल कोणी बोलत नाही. काही सवयींमागे आजार असतो, काहींमागे घरात कोणाची तरी सेवा असते, काहींमागे नुसती लाज असते, की कंपनीच्या भाषेत पटकन बोलता येत नाही म्हणून लिहिलेलं बरं वाटतं. पान सक्तीचं केलं की माणूस या गोष्टी उघड्या तरी करतो नाहीतर खोटं लिहितो. वेळ सांगा, कारण सांगायची गरज नाही, एवढं जरी कंपनीने ठणकावून सांगितलं तरी बरंच होईल. चार ते सहा मी नसते. संपलं. का नसते ते ज्याला सांगावंसं वाटेल त्याला सांगेन.

आणि जे हक्काचं आहे ते आवड म्हणून लिहायला लावू नका. रात्री साहेबाच्या मेसेजला उत्तर न देणं ही माझी वैयक्तिक पसंती नाहीये. फ्रान्समध्ये २०१७ पासून ५० किंवा जास्त कामगार असलेल्या कंपन्यांना कामानंतर संपर्काबाहेर राहण्याच्या हक्काबद्दल कामगारांशी वाटाघाटी कराव्या लागतात, पोर्तुगालने २०२१ मध्ये वेळेबाहेर कर्मचाऱ्याला गाठायलाच मनाई केली, अगदी आणीबाणीचा अपवाद ठेवून, ऑस्ट्रेलियात २०२४ पासून नकार अवाजवी नसेल तर उत्तर न द्यायचा कायदेशीर हक्क आहे. तिथे जे कायद्याने मिळतं ते आपण बापुडवाणेपणाने "शक्यतो रात्री मेसेज टाळावेत" असं लिहितो तेव्हा आपणच ते खाली उतरवतो.

साहेब लोकांची एक लाडकी ओळ असते, मी रात्री मेसेज टाकतो पण लगेच उत्तराची अपेक्षा नाही. ही ओळ मला सरळ ढोंग वाटायची, पण इथे थोडी माघार घेते. लॉरा ज्युर्गे आणि व्हनेसा बोन्स यांचा २०२१ चा अभ्यास आहे, वेळेबाहेर आलेल्या कामाच्या ईमेलला किती लवकर उत्तर हवंय याचा अंदाज वाचणारे लोक जास्तच ताणून लावतात, पाठवणाऱ्याला तेवढी घाई नसतेच. आणि घाई नाही असं त्या मेसेजमध्येच लिहिलं तर फरक पडतो. म्हणजे ओळ खरी असू शकते, पण तिची जागा मेसेजमध्ये आहे, वर्षापूर्वी एकदा वाचलेल्या पानावर नाही. रात्री अकरा वाजता फोन वाजल्यावर कोणी उठून साहेबाचं पान उघडून बघत नाही. आणि खरं सांगायचं तर मेसेज सकाळी जाईल असं लावून ठेवायचं बटण आता बऱ्याच ठिकाणी आहे, ते दाबलं तर ओळ लिहावीच लागत नाही.

यावर एक आक्षेप हमखास येतो की कागद कशाला, बोला ना एकमेकांशी, माणसं बोलून कळतात. पटतं मला. पण बोलायला दोघांचे दिवस जुळावे लागतात, आमच्या त्या अंगठेवाल्याचा आणि माझा दिवसात एक तास जुळायचा आणि तोही मीटिंगमध्ये जायचा. कागद हा बोलण्याला पर्याय नाहीच, कोणी तसा समजत असेल तर चूक आहे.

त्यापेक्षा जोरदार आक्षेप दुसरा आहे, की माणसाला स्वतःबद्दल माहीतच किती असतं? जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगम यांनी १९५५ मध्ये चार खणांची एक खिडकी काढली, दोघांच्या नावांवरून तिला जोहरी म्हणतात, त्यातला एक खण असा की इतरांना दिसतं पण आपल्याला दिसत नाही. स्वतःचं पान स्वतः लिहिलं की हा खण कोराच राहतो. म्हणून मी एक उद्योग केला, दोन सहकाऱ्यांना म्हटलं माझं पान तुम्ही लिहा, मी वाद घालणार नाही. एकाने लिहिलं, "ही बघते म्हणाली म्हणजे नाही समजा, करते म्हणाली तरच करते." वाचून मला हसू आलं आणि मग आलं नाही, कारण त्या आठवड्यात मी चार जणांना बघते म्हटलेलं. दुसरीने लिहिलं, "मेसेजच्या शेवटी पूर्णविराम असला तर ती चिडलेली नाही, ती तशीच लिहिते." म्हणजे इतकी वर्षं लोक माझे पूर्णविराम मोजत होते.

दोन्ही ओळी मी जशाच्या तशा पानावर घेतल्या.

अगदी सुरुवातीला लिहिलेली ओळ मात्र, मला थेट बोललेलं आवडतं ती, बरेच दिवस पानावर खाली तशीच राहिली होती. मग मागच्या महिन्यात त्या इंटरनेटवाल्या मुलाने ती वाचून माझ्यावर विश्वास ठेवला आणि माझ्या एका डिझाइनमध्ये काय चुकलंय ते सरळ सांगितलं, नीट सांगितलं, बरोबर सांगितलं. मी दीड दिवस त्याला उत्तर दिलं नाही. तिसऱ्या दिवशी त्याचं म्हणणं मान्य केलं आणि ती ओळ खोडली. आता तिथे लिहिलंय: माझ्या कामातली चूक लेखी कळवा, मी त्या दिवशी उत्तर देणार नाही, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत नक्की देईन.